शेवटचा शो, शेजारची खुर्ची

कादंबरीवरचा सिनेमा जोडीने बघायचा तर शेवटचा शो गाठावा, आणि दोघांपैकी एकानेच पुस्तक वाचलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. पटकथेने काय राखलं आणि काय सोडलं, ते पडद्याइतकंच शेजारच्या खुर्चीकडे बघून कळतं.

२०१२च्या जानेवारीत ‘शाळा’ लागला तेव्हा आम्ही तसेच गेलो. मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ची. मी वाचलेली, नवऱ्याने हातही न लावलेली. लेकीला सासूबाईंजवळ झोपवून, जेवणं उरकून निघालो. थिएटर निम्मं रिकामं होतं. राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले, मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र झळकलं.

कादंबरी सगळी मुकुंदच्या तोंडून येते. नववीतला हा मुलगा मनातल्या मनात जे बोलत राहतो, त्यातच तिचा जीव आहे. सरांची टवाळी, जिला तो अंबाबाई म्हणतो त्या बहिणीवरचा राग, नरूमामाचं कौतुक आणि या सगळ्यात सारखी, तो जिच्या प्रेमात आहे ती वर्गातली शिरोडकर. कॅमेऱ्यापुढे हे आणायचं कसं? सगळंच निवेदनात घातलं तर सिनेमाची श्रुतिका होईल. अविनाश देशपांडे यांची पटकथा आणि सुजय डहाके यांचं दिग्दर्शन बराचसा भार नजरांवर टाकतं. मुलींच्या बाकांकडे वळलेली, मुकुंद झालेल्या अंशुमन जोशीची मान, पुन्हा घाईने फळ्याकडे गेलेले डोळे. पुस्तकात पानभर चालणारी घालमेल तेवढ्यात आटोपते. मला हे तोकडं वाटत होतं. नवरा मात्र पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर तसाच धरून पुढे झुकला होता.

मध्यंतरात चहाच्या रांगेत त्याने विचारलं, “हा तिला विचारणार की नाही?” मी काही बोलले नाही. कादंबरी वाचताना मी रात्रभर जागून हाच प्रश्न पुढे ढकलत नेला होता. मनातलं बोलणं गाळलं म्हणून मी हळहळत होते आणि त्याला ते न वाचताच ऐकू आलं होतं. गोष्ट आणीबाणीच्या काळातली; त्या आणीबाणीचंही तसंच. मुलांच्या लेखी ती मोठ्यांच्या बोलण्यापुरतीच असते, पण त्या बोलण्यातला ताण त्याला बरोबर लागला.

घरी येताना स्कूटरवर खरी वजाबाकी सापडली. “किती हळवा, साधा पोरगा आहे,” तो म्हणाला. साधा? पुस्तकातला मुकुंद चांगलाच बेरकी आहे. त्याच्या शेऱ्यांवर मी खो खो हसले होते. पडद्यावर प्रेम पोचलं, धीटपणा पोचला, तो खट्याळपणा मात्र बराच मागे राहिला. त्याच वर्षी रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला आणि तो योग्यच होता असं मला वाटतं; तरी ही तक्रार माझी कायम आहे.

मग त्याने पुस्तक वाचायला घेतलं. त्याला प्रत्येक पानावर पडद्यावर शिरोडकर झालेली केतकी माटेगावकरच दिसते, दुसरी शिरोडकर त्याला आता मिळायची नाही. माझी आधीची होती, सिनेमानंतरही ती टिकली. फक्त तिचा आवाज आता केतकीचा झालाय.