तळी, रान आणि वैनगंगा : कोंढा परिसराचे निसर्गरूप

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. शेजारच्या कोसऱ्यासह ते कोंढा-कोसरा या जोडनावाने ओळखले जाते. या भागाचा हिरवेपणा धानाच्या बांध्या, गावतळी, पानझडी जंगल आणि वैनगंगा नदी यांच्यामुळे आहे.

येथे जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. हे पाणी पुढे पुरावे म्हणून पूर्व विदर्भात तलाव बांधले गेले. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसायला मिळे. या कामात कोहळी समाज निष्णात होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात आल्यामुळे त्यांना माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हणतात.

या तलावांची रचना साधी आहे. उतारावरचे पाणी मातीची पाळ अडवते. जास्तीचे पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, वाहून जाते. शेताला पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडूम, म्हणजे एकाखाली एक भोके असलेली मोरी, असते. पाणी उतरत गेले की त्याची वरची भोके सोडून खालची उघडतात. तेथून पाटाने पाणी बांध्यांत पोहोचते. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या ओल्या गाळात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. कमळ, शिंगाडा, मासे आणि हिवाळी पाहुणे पक्षी यांचेही हेच घर. ढिवर समाजाची मासेमारी या तलावांवर चालते.

तलावांपलीकडे साग, ऐन, धावडा, तेंदू आणि मोह यांचे रान आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने वेचून अनेक घरांना रोख पैसा मिळतो. याच तालुक्यातील जंगलाचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. 2012 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 189 चौरस किलोमीटरचे होते. नागझिऱ्यातून चालत आलेल्या ‘जय’ वाघामुळे ते देशभर गाजले. 2016 मध्ये तो बेपत्ता झाला. जंगलाचे तुकडे एकमेकांना जोडलेले असतील तरच वाघ टिकतो, हे त्याच्या त्या प्रवासाने दाखवून दिले.

वैनगंगेवर गोसीखुर्द येथे धरण झाले. 1988 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या विस्तीर्ण जलाशयाने सिंचनाची सोय झाली, पण अनेक गावे आणि सुपीक जमीन पाण्याखाली गेली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेमार्गे याच जलाशयात उतरते. हा या परिसराचा गंभीर प्रश्न आहे.

तलावांची अवस्थाही चिंताजनक आहे. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाची देखरेख सैल पडली. गाळ साचला, पाळी खचल्या, पोटात अतिक्रमणे झाली आणि काठावर बेशरम हे तण माजले. काही ठिकाणी ढिवरांच्या संस्थांनी ते उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा स्थानिक मासे परतले. गाळ काढणे, सलंग मोकळा ठेवणे आणि येवा, म्हणजे तलावात पाणी येण्याची वाट, अडू न देणे ही कामे गावाच्या आवाक्यातली आहेत. ग्रामसभांनी ती दरवर्षी पावसाळ्याआधी हाती घ्यायलाच हवीत.