इंजिनाचे तेल म्हातारे का होते?

बैलगाडीच्या आसातले वंगण संपले की चाक कुरकुरू लागते आणि गाडीवानाला लगेच कळते. मोटारीच्या इंजिनाचे तसे नाही. वंगण निकामी झाल्याचा आवाज बाहेर ऐकू येईपर्यंत आतले भाग बहुधा झिजून गेलेले असतात. म्हणूनच तेल कोणते घालावे आणि केव्हा बदलावे, हे आधीच ठरवावे लागते. याबाबत तीन समजुती नेहमी ऐकू येतात : तेल घट्ट असेल तितके चांगले, काळे झाले की बदलावे, आणि ठरलेले किलोमीटर पूर्ण होईपर्यंत काळजी नको. या समजुती तपासून पाहायला कर्जत आणि खालापूर हे तालुके फार सोयीचे आहेत. तिथे चढाचे घाट आहेत, मुसळधार पाऊस आहे आणि मुंबईला नेणारी लोकलही आहे. या तिन्हींचा इंजिनाच्या तेलाशी संबंध आहे.

तेल काय करते?

इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मिनिटाला हजारो फेरे फिरतो. तो बेअरिंगच्या धातूवर टेकलेला नसतो. तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतो. हा थर फिरण्याच्या वेगामुळेच तयार होतो. बंद असलेले इंजिन सुरू करताना पहिले काही क्षण तो पुरेसा नसतो आणि झीज मुख्यतः तेव्हा होते. शिवाय तेल पिस्टनची उष्णता खाली वाहून नेते, काजळी धरून ठेवते, आम्ले निष्प्रभ करते आणि पिस्टनच्या कड्यांलगतची फट बुजवते. घर्षण कमी करणे हे त्याचे केवळ एक काम झाले.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. वर्गात हे सहज दाखवता येते. दोन सारख्या परीक्षानळ्यांत एरंडेल घ्या. एक नळी गरम पाण्यात उभी ठेवा आणि दोन्हींत सायकलचा एकेक लहान छर्रा सोडा. गरम तेलातला छर्रा झटकन तळाला जातो. इंजिनातही असेच घडते : तेल तापले की पातळ होते.

डब्यावर '५डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे आकडे असतात. ही वर्गवारी अमेरिकेतील एसएई या संस्थेची आहे आणि तिची सुरुवात १९११ मध्ये झाली. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो : '५डब्ल्यू' तेलाची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, तर '२०डब्ल्यू'ची उणे १५ अंशांना. नंतरचा आकडा १०० अंशांच्या श्यानतेचा असतो. एकच तेल दोन्ही कसोट्यांना उतरावे म्हणून त्यात लांब साखळीचे बहुवारिक रेणू मिसळतात. थंडीत हे रेणू गुंडाळलेले राहतात आणि उष्णतेने पसरतात. त्यामुळे तापलेले तेल फार पातळ होत नाही.

कर्जतला उणे ३० अंश कधीच होत नाही. मग '५डब्ल्यू' कशाला? कारण सकाळी इंजिन सुरू करताना पातळ तेल वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचते आणि घर्षणात इंधनही कमी जाते. आजच्या इंजिनांतील फटी आणि तेलवाहिन्या अशा तेलासाठीच आखलेल्या असतात. तेव्हा 'घट्ट ते चांगले' हा नियम खरा नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हाच खरा नियम.

आकड्यांबरोबर अक्षरेही पाहावीत. एपीआयच्या खुणेत 'एस'ने सुरू होणारी जोडी पेट्रोल इंजिनांसाठी असते, तर 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत काजळीची गाळणी असते. अशा गाडीला कमी राख सोडणारे तेलच लागते. दुसरे तेल घातल्यास गाळणी हळूहळू तुंबते.

घाट : उष्णतेचा हिशेब

खोपोलीहून बोरघाटाने खंडाळ्याला जाताना गाडी सुमारे ५०० मीटर उंच चढते. माणसांसह गाडीचे वस्तुमान १२०० किलो धरू. तिला उचलण्याचे कार्य :

१२०० × १० × ५०० = ६० लाख ज्यूल

इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर यासाठी २४० लाख ज्यूल ऊर्जेचे, म्हणजे सुमारे पाऊण लीटर पेट्रोल जळते. उरलेले १८० लाख ज्यूल उष्णतेच्या रूपात बाहेर पडतात. एवढ्या उष्णतेने २५ अंशांचे सुमारे ५५ लीटर पाणी उकळीला येईल! यात हवेचा विरोध धरलेलाच नाही. ही उष्णता मुख्यतः धुराबरोबर आणि रेडिएटरमधून जाते, पण काही भाग तेलाला सोसावा लागतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात रोज बोरघाट चढणाऱ्या किंवा नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत खेपा करणाऱ्या गाडीतले तेल लवकर ऑक्सिडीकृत होते. त्यात आम्ले आणि चिकट राळ तयार होते.

स्टेशनवरची गाडी : पाण्याचा हिशेब

आता दुसरी गाडी घेऊ. ती घरापासून कर्जत किंवा खोपोली स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटर जाते आणि दिवसभर उभी राहते. वर्षाला तिचे दोन हजार किलोमीटरही होत नाहीत. तिचे तेल ताजे राहील असे वाटते. पण पेट्रोलचे ज्वलन पाहा :

२ ऑक्टेन + २५ ऑक्सिजन → १६ कार्बन डायऑक्साइड + १८ पाणी

या समीकरणानुसार २२८ ग्रॅम ऑक्टेनपासून ३२४ ग्रॅम पाणी मिळते. म्हणजे एक लीटर पेट्रोल जळले की सुमारे एक लीटर पाणी तयार होते. त्यातील थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांजवळून खाली तेलात उतरते. लांबच्या प्रवासात तेल चांगले तापते आणि ही वाफ निघून जाते. तीन किलोमीटरांत ते तापतच नाही. वाफेचे पाणी होते आणि न जळलेले पेट्रोलही तेलात मिसळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या दमट भागात उभ्या गाडीला सुकायला सवड मिळत नाही. अशा गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली कधीकधी पांढरट साय दिसते, ती तेल आणि पाण्याची. ही साय वाढतच असेल किंवा रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गॅस्केट तपासून घ्यावे.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत '१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी' असे लिहिलेले असते. 'किंवा एक वर्ष' हे शब्द स्टेशनवरच्या गाडीसाठीच आहेत. चढ, धूळ आणि लहान फेऱ्या यांना पुस्तिका 'कठीण वापर' म्हणते आणि त्यासाठी कमी मुदत देते. ते कोष्टक जरूर वाचावे.

काळे तेल वाईट?

तेलातली द्रव्ये काजळीचे कण सुटे ठेवतात, म्हणून तेल काळे होते. काळेपणा हे पुष्कळदा काम चालू असल्याचे लक्षण आहे. गाळणकागदावर वापरातल्या तेलाचा एक थेंब टाकून काही तास ठेवा. काळा रंग मधून कडेपर्यंत फिकट होत पसरला, तर काजळी सुटी आहे. मध्ये दाट, ठळक कडेचा ठिपका राहिला, तर तिच्या गुठळ्या होऊ लागल्या आहेत. ही चाचणी ढोबळ आहे, तरी नुसत्या रंगापेक्षा अधिक सांगते.

बदलताना

गाडी सपाट जागी असावी आणि तेल कोमट असावे, म्हणजे गाळासह नीट निथळते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. फिल्टर आणि तळाच्या बोल्टचा वॉशर नवा घालावा. फिल्टरच्या रबरी कड्याला तेलाचे बोट लावून तो बसवावा. नवे तेल मोजून घालावे, इंजिन मिनिटभर चालवावे, बंद करून थोडे थांबावे आणि मग पट्टीवर पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त तेल घुसळून फेसाळते आणि फेसाचा थर दांड्याला तोलू शकत नाही.

जुने तेल जाते कुठे?

लहान गाडीतून तीन-चार लीटर जळालेले तेल निघते. ४ लीटर तेल एक सहस्रांश मिलिमीटर जाडीने पाण्यावर पसरले, तर ४००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर पृष्ठभाग झाकते. त्याखालच्या पाण्याला हवेतला ऑक्सिजन नीट मिळत नाही. शिवाय या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि कर्करोगकारक संयुगे असतात. कर्जतच्या गटारांतले पाणी उल्हास नदीकडे जाते, तर खोपोलीचे पाताळगंगेकडे. खालच्या अंगाची गावे आणि शहरे याच नद्यांवर अवलंबून आहेत. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. वाळवीसाठी खांबांना फासणे, चुलीत जाळणे किंवा रस्त्यावर ओतणे हे उपाय नव्हेत. घरी तेल बदलले तर ते झाकणाच्या डब्यात भरून, असे तेल गोळा करून पुढे पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. त्यात पाणी, रॉकेल वा ब्रेकचे तेल मिसळू नये, म्हणजे ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते.

शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांची एक यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. कोणती गाडी रोज किती किलोमीटर जाते, घाट चढते का, तेल शेवटचे कधी बदलले आणि जुने तेल कुठे गेले? शेवटच्या रकान्यात बहुधा सर्वांत कमी उत्तरे मिळतील. चर्चेला तिथूनच सुरुवात करावी.