तापल्यावर बंद पडणारी मोटारसायकल

समजा, आपण मुरबाडहून माळशेज घाटाकडे मोटारसायकलने निघालो आहोत. टोकावड्याच्या पुढे गाडी अचानक बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये नेल्यावर मिस्त्रीला काहीच दोष सापडत नाही! असे का होते?

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीत पेट्रोल टाकीतून आपोआप खाली उतरते. त्याची जागा घेण्यासाठी झाकणातील बारीक छिद्रातून हवा आत येते. हे छिद्र धुळीने बुजले, तर टाकीतील हवेचा दाब कमी होतो. पेट्रोल उतरत नाही व इंजिन बंद पडते. अशा वेळी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि टाकीचे झाकण उघडावे. जवळ विडी किंवा पेटती काडी मुळीच नसावी. हवा 'स्स' करून आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर ते छिद्र साफ करावे.

तरीही गाडी सुरू झाली नाही, तर इग्निशन कॉइल तपासून घ्यावी. खराब कॉइल तापली, की प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. थंड झाली, की पडते. म्हणून तपासणी गाडी गरम असतानाच करावी.

कारण न शोधता सुटे भाग बदलत राहिलो, तर पैसे जातात आणि घाटात अंधारात अडकण्याची वेळ पुन्हा येते.