आधी कोण जाणार?

मूर्तिजापूरला बाजूच्या रुळावर उभी मालगाडी तुम्ही पाहिली असेल. मागून येणाऱ्या मेलला ती वाट देते. संगणकांच्या जाळ्यातही असेच घडते.

समजा, अकोल्याचा संगणक मुंबईतील माहितीसाठ्यातून एक पान मागवतो. काचतंतूतून 600 किलोमीटर जायला प्रकाशाला केवळ 3 मिलिसेकंद लागतात. मग उशीर का? रांगेमुळे!

माहिती पुडक्यांनी जाते. सेकंदाला 1 कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर 1500 बाइटांचे पुडके चढायला 1.2 मिलिसेकंद लागतात. पुढे अशी 100 पुडकी असली, तर 120 मिलिसेकंद गेले! म्हणून राउटर खूण पाहून निकडीचे पुडके आधी सोडतो. मग थांबायचे फक्त चढत असलेल्या पुडक्यापुरते.

पण सगळ्यांवरच ‘निकडीचे’ लिहिले तर? विचार करा!