लाकडाची छोटी पेटी : आराखडा आणि बांधणी

चार बाजू, तळ आणि झाकण. पेटीत याहून जास्त काही नसतं. तरी कित्येक पेट्या वर्षभरात तडकतात किंवा त्यांचं झाकण अडकतं. कापलेलं लाकूडही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. या हालचालीला आराखड्यातच जागा ठेवली, तर पेटी पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

लाकूड किती हलतं?

लांबीत जवळजवळ नाहीच. फुगतं-आक्रसतं ते रुंदीत. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, पण १५ सेंटिमीटर रुंद फळीत मे ते ऑगस्ट एक-दीड मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून झाकणाची फळी चिकटवायची नाही; बाजूंच्या आतल्या अंगाला खाच पाडून तीत सुटी बसवायची. उन्हाळ्यात काम करत असाल तर तिच्या दोन्ही लांब कडांना मिलिमीटरभर मोकळीक ठेवा. ऐन पावसाळ्यात फळी आधीच फुगलेली असते, तेव्हा घट्ट बसली तरी चालते. तळाला ४ मिलिमीटरचं प्लायवूड वापरावं. ते फारसं हलत नाही.

मापं आणि फळी

पहिल्या पेटीसाठी २४ × १५ × ९ सेंटिमीटर हे माप सोयीचं; बाजूंची जाडी १० मिलिमीटर, खाच ४ मिलिमीटर खोल. जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान मुरलेलं असतं, फक्त आधी खिळे शोधून काढा.

चारही बाजू साधारण ८५ सेंटिमीटरच्या एकाच फळीतून ओळीनं कापा : लांब, आखूड, लांब, आखूड. मग लाकडाच्या रेघा कोपऱ्यावरून सलग वळतात. चौथ्या कोपऱ्यात त्या जुळत नाहीत. तो मागच्या बाजूला घ्या.

कोपऱ्याचा सांधा

४५ अंशांत कापलेला सांधा सुबक दिसतो, पण फळीचं तोंड सरस शोषून घेतं आणि पकड कच्ची राहते. त्यामुळे सरस वाळल्यावर कोपऱ्यात आडवे काप घेऊन शिसवीच्या पातळ पट्ट्या चिकटवाव्यात. सांधा पक्का होतो आणि गडद रेषांची नक्षीही मिळते.

जुळवणी आणि झाकण

आतल्या बाजूंना पॉलिश आधीच करा, नंतर कोपऱ्यांत हात पोचत नाही. आतून जवसाचं तेल लावू नये. बंद पेटीत त्याचा वास कोंडतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख उत्तम.

सरस लावून आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले, तरच पेटी काटकोनात आहे.

पेटी सगळीकडून बंद बांधून, मग वरून अडीच सेंटिमीटरवर करवतीनं झाकण वेगळं करा. रेघा आपोआप जुळतात. करवत आणि रंध्यात जाणारे ३ मिलिमीटर उंचीत आधीच धरा. पितळी बिजागऱ्यांसाठी भोकं पाडून आधी लोखंडी स्क्रू फिरवून घ्या. मऊ पितळी स्क्रू थेट पिळले तर सागवानात तुटतात.