शिफ्ट सांभाळून डोंगरवाट

डांबरी रस्ता सोडून पायवाटा, बैलगाडीच्या वाटा, मुरमाचे चढ आणि कातळाचे उतार यांवर खास बांधणीच्या सायकलने खेळायचा खेळ म्हणजे माउंटन बायकिंग. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हा खेळ हौसेने खेळणाऱ्यांत नोकरदारांचाच भरणा आहे: कारखान्यातले ऑपरेटर, सुपरवायझर, अभियंते, हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतले कर्मचारी. प्रायोजक नाही, प्रशिक्षक नाही, नोकरी सोडून सराव करण्याची सोय तर नाहीच. त्यांच्या सरावाला आकार दिला आहे तो दोन गोष्टींनी. एक, मावळ आणि खेड तालुक्यांतली जमीन. दुसरी, कारखान्याची शिफ्ट.

खेळ तसा तरुण आहे. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइसच्या परिसरात काही तरुण सत्तरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर हुंदडू लागले. १९७६ मध्ये तिथे ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. उतार इतका तीव्र, की मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि शर्यत संपली की हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आली आणि ही सायकल कारखान्यात घाऊक बनू लागली. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळाचा समावेश झाला. भारतात आधी नाव आले, खेळ मागून आला. नव्वदच्या दशकात जाड टायर आणि सरळ हँडल असलेली ‘हर्क्युलिस एमटीबी’ (एमटीबी म्हणजे माउंटन बाइक) शाळकरी मुलांच्या हाती होती, पण ती फिरत होती शाळेच्या रस्त्यावर. आज राष्ट्रीय स्पर्धा नियमाने होतात, २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोन्मुडीला झाली, आणि संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी या प्रकारात महाराष्ट्राचे नाव देशभर नेले.

पिंपरी-चिंचवडला सायकल नवी नव्हती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आणि बजाज या वाहन कंपन्या आल्या. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचाच लोंढा बाहेर पडे. स्कूटर आणि मोटारसायकलींनी तो काळ संपवला, आणि त्यांतल्या बऱ्याचशा याच पट्ट्यात तयार झाल्या. आता पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-चाकण रस्ता कंटेनर व ट्रेलरनी इतके भरलेले असतात की तिथे सायकल घालणे धोक्याचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे. हौशी सायकलस्वार डोंगराकडे वळले, त्याला हेही एक मोठे कारण आहे.

हा पट्टा दख्खनच्या बेसॉल्टवर बसला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचल्याने इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे: थोडा उभा चढ, मग सपाट माळ, मग पुन्हा उभा चढ. कठीण थर कातळ म्हणून उघडा पडतो, मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो. कोरड्या दिवसांत पक्क्या वाटेवर सुटा मुरूम पसरलेला असतो. ट्रेकिंगवाले त्याला घसारा म्हणतात. या घसाऱ्यावर पुढचे चाक ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडावा तसे सटकते. इथल्या सायकलस्वाराचे निम्मे कौशल्य त्या एका गोष्टीशी झुंजण्यात तयार होते, आणि परदेशी पुस्तकांतले मऊ, ओलसर जंगलवाटांचे धडे इथे फारसे उपयोगी पडत नाहीत.

सरावाच्या जागा ठरलेल्या आहेत. शेलारवाडीजवळचा घोरावडेश्वर, इंदोरीजवळचा भंडारा डोंगर, चाकण औद्योगिक वसाहतीच्या शिंदे-वासुली बाजूला असलेला भामचंद्र, आणि जरा लांब जायचे तर पवना धरणाचा परिसर, मळवलीहून लोहगडवाडीची चढण, तुंग-तिकोन्याच्या पायथ्याच्या गाडीवाटा. यांतली बरीच ठिकाणे श्रद्धेची आहेत. भंडारा आणि भामचंद्र हे तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर. घोरावडेश्वरला लेणी आहेत आणि शंकराचे देऊळ आहे. समजूतदार स्वार इथल्या पायऱ्यांवर आणि देवळाच्या आवारात सायकल चालवत नाहीत, भाविकांची वर्दळ असली की उतरून चालतात. देहू रोडच्या बाजूला लष्करी हद्द आहे, तिथे शिरायचे नाही. आषाढी वारीत देहू आणि आळंदीच्या पालख्या निघतात तेव्हा आकुर्डी, निगडी, दिघीचे रस्ते वारकऱ्यांचे असतात.

ऋतूंचा फरक इथे फार जाणवतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि अवघ्या साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांहून अधिक. म्हणजे जुलैत पवनेकडच्या वाटा चिखलात बुडालेल्या असताना चाकणच्या पूर्वेचे माळ दोन दिवसांच्या उघडिपीत चालवण्याजोगे होतात. पावसाळ्यातल्या कातळावर शेवाळ धरते, त्यावर ब्रेक लावला की चाक गेलेच. ऑक्टोबरमध्ये गवत कमरेपर्यंत वाढून वाट झाकून टाकते. मोजे कुसळांनी भरतात, दगड दिसत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चपासून घसारा, धूळ आणि ऊन.

सायकल निवडताना नवख्याचे लक्ष रंगावर आणि सस्पेन्शनवर जाते. खरे पाहायचे ते गिअरचे दात. स्वार ७५ किलोचा, सायकल १५ किलोची आणि चढ १५ टक्क्यांचा धरू. पुढे ३२ दातांची आणि मागे ५१ दातांची चकती असली, तर पेडलच्या एका फेऱ्यात २९ इंची चाक सुमारे १.४५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी पाच किलोमीटरच्या थोडा वर, आणि केवळ उंची चढण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे १९० वॉट. स्वस्त सायकलींवर बहुधा मागे २८ दातांचे फ्रीव्हील आणि पुढे लहानात लहान २४ची चकती असते. तिथे तेवढ्याच चाकाला एका फेऱ्यात जवळजवळ दोन मीटर अंतर पडते आणि त्याच ६० फेऱ्यांना सुमारे २६० वॉट लागतात. नियमित सराव करणारा हौशी स्वार १९० वॉट बराच वेळ देऊ शकतो; २६० देताना तो काही मिनिटांतच धापा टाकत उतरतो. जुन्या पद्धतीची, पुढे २२ आणि मागे ३४ दात असलेली तीन चकत्यांची सायकलही हे काम जवळपास तितकेच चोख करते. त्यामुळे लाखभराच्या सायकलीवाचून अडते असे मुळीच नाही.

टायरमधली हवा ही दुसरी कळीची बाब. बाभळी-बोरीच्या काट्यांच्या या मुलखात साध्या ट्यूबवर रोज पंक्चर काढावे लागते. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरले की काटा घुसला तरी भोक आपोआप बुजते आणि हवा कमी ठेवता येते: सव्वादोन इंची टायरला पुढे २०-२२, मागे २३-२५ पीएसआय. कमी हवेचा टायर घसाऱ्यावर पसरतो, पकड देतो. ट्यूब असेल तर हवा ३०च्या आसपास ठेवावी, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते. देखभालीत मात्र या पट्ट्यातल्या लोकांचा हात कोण धरणार? ज्याने असेंब्ली लाइनवर टॉर्क रेंच हाताळला आहे त्याला हँडलचा बोल्ट ५ न्यूटन मीटरलाच का थांबवायचा, हे सांगावे लागत नाही. रिमचा आउट काढणे, चेन धुऊन तेल घालणे, ब्रेक पॅड बदलणे ही कामे घरच्या गॅलरीत होतात.

सरावाची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शिफ्ट, अशी सर्वांची तक्रार असते. नीट पाहिले तर फिरती पाळी सरावाच्या शास्त्राला सोयीची आहे. शरीर ताणाने सुधारत नाही, ताणानंतरच्या विश्रांतीत सुधारते; म्हणून काही प्रशिक्षक दोन आठवडे भार वाढवून तिसरा हलका ठेवतात. तीन पाळ्यांचा फेरा नेमका तीन आठवड्यांचा असतो. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते: लांब फेऱ्या आणि घाटाचे चढ तेव्हा करावेत. सकाळच्या पाळीत पहाटेच कंपनीची बस पकडायची असते, संध्याकाळी हाती दीड-दोन तास उजेड. त्यात घराजवळच्या टेकडीवर चार वेळा आठ-आठ मिनिटांचे जोरकस चढ आणि मध्ये तीन-चार मिनिटे हलके पेडल, एवढे बसते. रात्रपाळीचा आठवडा हलका ठेवावा. रात्रभर जागून सकाळी थेट डोंगर गाठणारे पुष्कळ आहेत, आणि पडणाऱ्यांतही तेच पुष्कळ असतात. झोप मोडली की प्रतिसाद मंदावतो. उतारावर अर्ध्या सेकंदाचा उशीर मनगट किंवा खांद्याचे हाड मोडायला पुरतो. पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हाही एक लाभ. रविवारी भंडाऱ्यावर गर्दी असते, गुरुवारी डोंगर मोकळा.

दमसासाच्या सरावातला मोठा भाग सोबत्याशी बोलता येईल इतक्याच जोराने व्हावा, हे हौशी स्वारांना सर्वांत जड जाते. प्रत्येक फेरीची शर्यत करण्याची सवय मोडली की महिन्या-दोन महिन्यांत फरक दिसतो. दोन तासांपुढच्या फेरीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. केळी, खजूर, चिक्की, गूळ-तूप लावून गुंडाळलेली पोळी यांनी ते भागते. पाण्यात मीठ-साखर असावी.

कौशल्याचा सराव मात्र दमसासापेक्षाही दुर्लक्षित राहतो. स्वार चढावर घाम गाळून मिळवलेला वेळ उतारावर ब्रेक दाबून घालवतो. उतरताना सीटवरून उठून, दोन्ही पेडल समपातळीत, कोपर बाहेर, वजन पायांवर, नजर चाकासमोर नव्हे तर आठ-दहा मीटर पुढे: ही मूळ बैठक. ब्रेकवर एकच बोट. जोर मुख्यतः पुढच्या ब्रेकचा, पण तो वळणाच्या आधी, सरळ रेषेत लावायचा; घसाऱ्यावर वळत असताना पुढचा ब्रेक दाबला की पडणे ठरलेले. रिकाम्या मैदानात दगड मांडून त्यांच्या मधून कूर्मगतीने सायकल काढणे हा फुकटचा आणि फार गुणाचा सराव आहे.

स्पर्धांपैकी क्रॉस कंट्री हा ऑलिंपिक प्रकार. चार-सहा किलोमीटरच्या वेढ्यावर सगळे एकदम सुटतात आणि ठरलेले फेरे मारतात. अव्वल गटात शर्यत साधारण ८० ते १०० मिनिटे चालते, हौशी आणि वयोगटांत कमी. शिट्टी झाली की पहिली एक-दोन मिनिटे अक्षरशः झुंबड असते, कारण पुढे वाट एकेरी होते आणि तिथे मागे अडकलेल्याला ओलांडायला जागा मिळत नाही. पहिल्याच चढावर पुढचा उतरला की मागचे दहा उतरतात, सायकल खांद्यावर घेऊन पळतात. म्हणून तीस सेकंदांच्या दौडींचा सराव हवा. नवख्याला धक्का देणारा नियम म्हणजे ऐंशी टक्क्यांचा: आघाडीच्या स्वाराच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या ऐंशी टक्क्यांइतके मागे पडलेल्यांना वेढ्याबाहेर काढले जाते. पहिल्या शर्यतीत असे बाहेर पडावे लागले म्हणून खेळ सोडण्याचे काही कारण नाही. आदल्या दिवशी वेढा पायी फिरून अवघड जागा पाहून ठेवल्या, तर दुसऱ्या वेळी टिकाव लागतो.

पुण्याच्या परिसरातली ‘एन्ड्युरो थ्री’ ही साहसस्पर्धा हौशी मंडळींना अधिक जवळची आहे. तीन जणांचा संघ सह्याद्रीत सायकल चालवतो, डोंगर चढतो, पाणी ओलांडतो. तिघांनी एकत्र राहायचे असल्याने संघाचा वेग सर्वांत दमलेल्याच्या वेगाइतका. एकट्याने सराव केलेले ताकदवान स्वार इथे मागे पडतात आणि सोबत्याची बॅग उचलणारे पुढे जातात.

जोखीम खरी आहे. हेल्मेट आणि हातमोजे नसतील तर वाटेला लागू नये. कातळी भागात फुरसे आणि घोणस असतात. खेड तालुक्यात उसाच्या कडेने बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधारात एकट्याने जाणे टाळावे आणि कुठल्या वाटेने जाणार ते घरी सांगून निघावे. राखीव वनात परवानगीवाचून शिरू नये. चिखलात चाक घासून वाट उखडू नये. त्या चरातूनच पुढच्या पावसात माती वाहून जाते.

इतके स्वार असूनही पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये त्यांच्यासाठी रीतसर आखलेली कायमची डोंगरवाट नाही, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे. चार-पाच किलोमीटरचा, जेमतेम मीटरभर रुंदीचा कच्चा वेढा, पाणी बाजूला काढणारे उतार, दिशादर्शक फलक आणि पायी फिरणाऱ्यांसाठी वेगळी वाट एवढेच लागते. डांबर लागत नाही, झाडे तोडावी लागत नाहीत. महापालिका, वन विभाग आणि एमआयडीसी यांनी स्थानिक सायकल मंडळांना सोबत घेऊन अशी एक वाट या पट्ट्यात आखून द्यावी.