मेंदूचे चित्र आणि मोंढ्यातला काटा

छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यात माल नेला की जाणता शेतकरी आधी काट्याकडे पाहतो. काटाच थरथरत असेल, तर पाव किलोचा फरक कळायचा कसा? मेंदूचे काम टिपणाऱ्या यंत्रापुढेही हाच प्रश्न आहे.

मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ गरजेपेक्षाही जास्त वाढतो. प्राणवायू सोडलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात गडबड करते. त्याचे प्रमाण घटले की यंत्रातला संदेश किंचित वाढतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० साली अमेरिकेत हे दाखवून दिले. फंक्शनल एमआरआय ती हीच. तीत साधारण दर दोन सेकंदांना एक, अशी शेकडो चित्रे घेतात. पण वाढ किती? शेकडा एक-दोन, फार तर पाच!

आणि खरखर चोहोकडून येते: श्वास, नाडीचे ठोके, डोके हलणे, खुद्द यंत्र. म्हणून एक चित्र स्वच्छ दिसले एवढ्याने भागत नाही. चित्रामागून चित्र स्थिर राहावे लागते. त्याचे माप शिक्षकांनी फळ्यावर जरूर मांडावे. मेंदूतल्या एकाच ठिकाणचे सगळे आकडे घ्या. त्यांची सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. सरासरी १०००, विचलन १०, तर माप १०० आले. आता शेकडा एकची वाढ म्हणजेही १०च! संदेश खरखरीत बुडाला. मग तोच प्रयोग शंभरदा करतात. सरासरीतली खरखर सुमारे दहापट उतरते. मात्र बोट हलवताना दर वेळी डोकेही हलत असेल, तर ती चूक अशी धुऊन निघत नाही.

यंत्राचाही काटा तपासतात. जेलीसारख्या पदार्थाने भरलेला गोळा आत ठेवतात. त्याला ना श्वास, ना नाडी. तरी आकडे हलले, तर दोष यंत्राचा.

हा खटाटोप कशाला? मेंदूतली गाठ काढण्याआधी वाचेची जागा कुठे आहे, हे शल्यवैद्य या चित्रांवरून पाहतात. तिथे चूक महागात पडते. यंत्र वेगळे, पण प्रश्न तोच, असे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २००८ साली पुण्यातील एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीचाही आधार घेऊन शिक्षा झाली. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीवाचून करण्यास मनाई केली.

तेव्हा चित्रातले रंग पाहून लगेच मान डोलावू नका. ते रंग मागाहून, हिशेबाने भरलेले असतात. आधी एवढेच विचारा: काटा तपासला होता का?